परतीचं कारण

जिन्यावर छोटीची पावलं वाजली आणि वहिनीने हातातलं फडकं खाली ठेवलं. चाळिशी ओलांडली तरी छोटी जिना दडदडत चढायची. आज ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती.

“आला का अहवाल?” वहिनीने विचारलं.

“आला.”

“मग?”

“सगळ्यांना येऊ दे, वहिनी. दोनदा सांगायचं बळ नाही माझ्यात.”

सुक्या अंजिरांचा कंटेनर बंदरावर उतरून पंधरवडा होत आला होता. कागद बरोबर होते, खोक्यांवरची लेबलं नियमाप्रमाणे होती. राहिली होती ती प्रयोगशाळेची तपासणी. तिचं एवढं काय, दरवर्षीचंच आहे, असं म्हणून वहिनीने झाडून सगळ्या बेकऱ्यांना शब्द देऊन ठेवला होता. घरातली कामाची वाटणी पूर्वीपासूनची होती. माल पसंत करायचा दादाने, आणायचे सोपस्कार छोटीने करायचे आणि विकायचा वहिनीने. भागीदारीत मात्र वहिनीचं नाव नव्हतं. भागीदार चौघे: सासूबाई म्हणजे माई, चुलतसासरे म्हणजे काका, नवरा म्हणजे दादा आणि नणंद म्हणजे छोटी. ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नसे आणि कधी विसरतही नसे.

रविवार असल्यामुळे खालचं गोदाम बंद होतं. वरच्या खोलीत पुठ्ठ्याचा आणि सुक्या फळांचा मिसळलेला गोडसर वास होता, जो या घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांनाही यायचा. लांबट टेबलाभोवती एकेक जण येऊन बसला. माई खिडकीशी, काका त्यांच्या समोर. दादा शेवटी आला. बसता बसता त्याने बहिणीचा चेहरा पाहिला.

“नापास,” छोटी म्हणाली. “बुरशीचं विष. मर्यादेच्या बरंच वर.”

“शक्यच नाही,” दादा म्हणाला. “मी स्वतः बागेत उभा राहून माल पसंत केलाय. तिथे बसून खाल्लाय. हा बघ, धडधाकट आहे.”

“दादा, ते खाल्ल्या खाल्ल्या कळत नाही. ना चवीला, ना वासाला. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं की यकृत खातं.”

“भाजल्यावर?” वहिनीने विचारलं. “बेकरीत भट्टीत जातंच की सगळं.”

“भाजून जात नाही.”

काकांनी चष्मा काढून पुसला. ऐन उमेदीत त्यांनी बंदरावर माल सोडवण्याची कामं केली होती, आणि अडलेला माल म्हटला की त्यांना अजूनही हुरूप यायचा. “एवढं सुतकी तोंड कशाला करता? राखून ठेवलेला दुसरा नमुना असतो ना? सीलबंद? फेरतपासणी मागायची. हे विष काय पिठात मीठ कालवल्यासारखं सगळीकडे सारखं नसतं. ढीगभर अंजिरांत एखादंच बिघडलेलं असतं. पहिल्या पुडीत ते आलं, दुसऱ्या पुडीत येईलच असं नाही. पास झालं की माल सुटला. कायद्याने सुटला, छोटे. तुझ्याच कायद्याने.”

“हक्क आहे आपला,” छोटी म्हणाली. “मी नाही कुठे म्हणते?”

“मग झालं तर!” दादाने टेबलावर हात टेकले. “फेरतपासणी मागूया.”

वहिनीनेही मान हलवली. शब्द दिलेल्या बेकऱ्या तिच्या डोळ्यांपुढून जात होत्या. छोटीला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर विषय संपेल. काकांचं चुकत नव्हतं. दुसरा नमुना पास झाला असता तर तिला कागदोपत्री कुठेही बोट ठेवता आलं नसतं. पण पहिल्या पुडीत जे सापडलं ते दुसऱ्या पुडीत न सापडल्याने खोक्यांतून नाहीसं कसं होणार होतं? इतकी वर्षं ती लोकांना नियम समजावून सांगत आली होती. मर्यादा म्हणजे एक आकडा, त्याच्या अलीकडे बरोबर आणि पलीकडे चूक. आज पहिल्यांदाच तिला त्या आकड्याचा आधार वाटेना.

“बागवाल्याला विचारलंत का?” माई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

“त्याला काय विचारायचं, माई?” काका म्हणाले.

“माल त्याचा आहे. काय झालं ते त्याला ठाऊक असेल. फेरतपासणी करा नाहीतर आणखी काही करा, पण आधी विचारा तरी.”

दादाने फोन लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडे बागवाल्याचा मुलगा होता. त्याचे वडील आणि दादाचे बाबा यांची तरुणपणापासूनची दोस्ती. दोन्ही घरांनी मिळून एक मोडकीतोडकी भाषा तयार केली होती, जिच्यात व्याकरण कुणाचंच नव्हतं आणि थट्टामस्करी दोघांची होती. आज थट्टामस्करी झाली नाही. दादाने नापास झाल्याचं सांगितलं.

“सगळाच्या सगळा?” मुलगा म्हणाला.

“नमुना नापास म्हणजे सगळाच. काय झालं रे?”

“फळं वाळत घातली आणि पाऊस आला. अवेळी. तू येऊन गेलास त्याच्यानंतर. मग घाई झाली. अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली फळ निवडतात, बिघडलेलं फळ चमकतं, तुला माहीतच आहे. निवडणाऱ्या बायका मिळेनात. अर्धा माल दिव्याखालून गेलाच नाही.”

दादाने डोळे मिटून घेतले.

“ऐक, भाऊ,” मुलगा घाईघाईने म्हणाला, “तुझं नुकसान मी होऊ देणार नाही. माल परत पाठव. घेतलेले सगळे पैसे परत देतो. फक्त एक कर, तो नापासाचा दाखला सोबत जोडू नकोस. परतीचं कारण लिही, खरेदीदाराने नाकारला. बास. दुसरं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, तिकडे एवढं बघत नाहीत.”

“बाबांना सांगितलंस का हे? तुझ्या?”

“त्यांना कशाला त्रास,” तो म्हणाला. “उद्यापर्यंत कळव.” आणि फोन ठेवला.

काकांच्या चेहऱ्यावरची काळजी पुसून गेली. “घ्या! फेरतपासणीसुद्धा नको. माल त्याचा, त्याच्या घरी गेला. छोटे, दाखला जोडायलाच हवा असं बंधन आहे का?”

छोटीने मान हलवली. “नाही. जोडलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.”

“झालं!”

“जोडू नये असंही लिहिलेलं नाही, काका.”

“आणि तो माल मग कुठे जाईल?” वहिनीने विचारलं.

“जिथे चालतो तिथे.”

“चालतो म्हणजे? तिथल्या लोकांची यकृतं वेगळी असतात का?”

“सूनबाई,” काका शांतपणे म्हणाले, “हे भागीदारांचं बोलणं चाललंय.”

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो फोनच्या काळ्या पडलेल्या काचेकडे बघत होता. थोड्या वेळापूर्वी फेरतपासणीला मान हलवताना याच टेबलावर तिचं मत सगळ्यांना चाललं होतं. ती उठणार, तेवढ्यात माई म्हणाल्या,

“भाऊजी, विकते ती. खाणाऱ्यांना तोंड देते ती. ती बोलेल.”

काका वरमले नाहीत, पण गप्प बसले. दादा खुर्ची मागे सारून उठला आणि खाली गोदामात गेला. थोड्या वेळाने छोटी त्याच्या मागून गेली.

माई खिडकीशीच बसून राहिल्या. त्यांच्या नवऱ्याच्या काळात यातलं काहीच नव्हतं. बोट लागली की खोकी उतरायची. ते एक अंजीर फोडायचे, हुंगायचे, अर्धं स्वतः खायचे, अर्धं माईंच्या हातावर ठेवायचे. तेवढीच तपासणी. लोक म्हणत, यांच्या मालावर डोळे झाकून विश्वास ठेवावा. आणि लोकांनी ठेवलाही होता. त्या सगळ्या वर्षांत कितीतरी अवेळी पाऊस पडले असतील. कुणाच्या घरात काय गेलं, हे आता कोण सांगणार? माईंना अपराधी वाटलं नाही. माहीतच नव्हतं तर काय करणार होते ते दोघं? पण आता माहीत होतं. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

“पोरी,” त्या वहिनीला म्हणाल्या, “चहा ठेवतेस का सगळ्यांना? भाऊजींना साखर थोडी जास्त घाल. चिडलेत.”

“मला कळतंय हं, माई,” काका म्हणाले.

“कळावं म्हणूनच मोठ्यांदा बोलले.”

खाली दादा रिकाम्या मांडण्यांपुढे उभा होता. अंजिरांसाठी त्याने परवाच जागा करून घेतली होती. फळ्या पुसून, कोरडा कागद अंथरून. छोटी आली तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“त्याच्या बापाने मला खांद्यावर बसवून ती बाग दाखवलीय,” तो म्हणाला. “तू तेव्हा जन्मली नव्हतीस. बाबा गेले तेव्हा म्हातारा एवढ्या लांबून आला होता, आठवतं? बाबांच्या खुर्चीत बस म्हटलं तर बसला नाही. उभा राहिला दिवसभर.”

“आठवतं.”

“दाखला जोडला तर तिथल्या अधिकाऱ्यांना कळणार. परवाना अडकेल त्याचा. बागेवर जगणारी किती घरं आहेत माहितेय तुला? आणि नाही जोडला तर...” त्याने वाक्य सोडून दिलं. “तू सांग ना काहीतरी. एरवी लेबलावर एक अक्षर बारीक झालं तरी हात धुवून माझ्या मागे लागतेस. आज वर बसून नुसती हो-नाही करत होतीस.”

“कारण आज नियम गप्प आहे, दादा.” छोटी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. “नियमाने नाही म्हटलं असतं तर मी त्याच्या आडून बोलले असते. सोपं असतं ते. वाईटपणा नियमाकडे जातो, माझ्याकडे येत नाही. इतकी वर्षं तेच केलं मी. आज मलाच ठरवायचंय आणि मला तुझ्याशिवाय ठरवता येत नाहीये.”

दादा पहिल्यांदा तिच्याकडे वळला. ही बहीण आपल्याला अडवायलाच जन्माला आलीय असं त्याला नेहमी वाटायचं. तिला काही ठरवताना भीती वाटत असेल हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

छोटीला वाटलं, माल पसंत करून आल्यावर मी पुन्हा चौकशी केली नाही, असं काहीतरी तो म्हणेल. तो ते म्हणाला नाही. तो म्हणाला, “इथेच नष्ट केला तर?”

“करता येतो. अर्ज द्यायचा, निरीक्षकासमोर नष्ट करायचा. पण मग माल परत गेला नाही म्हणजे तो पैसे देणार नाही. वर नष्ट करण्याचा खर्च आपला. हंगाम गेला, दादा. पूर्ण.”

“परवाना?”

“मालावरचा हक्क आपण सोडला, एवढीच नोंद होते. त्याच्या तिकडे आपल्याकडून काही जाणार नाही.”

“म्हणजे कुणाच्या पोटातही जाणार नाही आणि त्याचं घरही बसणार नाही.”

“आपलं थोडं बसेल.”

“थोडं?”

“बरंच,” छोटी म्हणाली, आणि दोघांनाही कसंनुसं हसू आलं. मग ती गंभीर झाली. “पण दादा, ज्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तो बोलला, त्याला याच पावसातला माल आधीच गेला असेल तर? आपण आपली खोकी नष्ट करून हात झटकून मोकळे?”

दादा मांडणीवरचा कोरडा कागद गुंडाळत राहिला. “मी जातो,” शेवटी तो म्हणाला. “म्हाताऱ्याला तोंडावर सांगतो. मुलाने त्याच्यापासून लपवलंय, पण त्याला हे चालायचं नाही. उरलेला माल तो दिव्याखाली घालेल. मी ओळखतो त्याला.”

“आणि नाही घातला तर?”

“तर मग तू तिथल्या अधिकाऱ्यांना दाखला पाठव. मी अडवणार नाही.”

दोघे वर आले तेव्हा चहा निवत चालला होता. दादाने उभ्यानेच सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच खोलीतली हवा जड झाली.

“त्याने चूक करायची, तो पैसे परत द्यायला तयार, आणि भुर्दंड आपण सोसायचा. कशासाठी? कधी न बघितलेल्या लोकांसाठी?”

“हो, काका.”

“तुझा बाप व्यवहारी होता रे.”

“त्यांना कुणी अहवाल दाखवला नव्हता,” माई म्हणाल्या.

मोठ्या निर्णयाला तीन भागीदारांच्या सह्या लागायच्या. छोटीने अर्ज लिहिला. तिने सही केली, दादाने केली. माईंनी चष्मा शोधला, पूर्ण मजकूर ओठ हलवत वाचला आणि सावकाश आपलं नाव लिहिलं. काकांनी पेन हातात घेतलं नाही.

“मला मोकळं करा,” ते म्हणाले. “भांडण नाही, राग नाही. माझा वाटा वेगळा करून द्या. या वयात मला दुसऱ्यांच्या पुण्याईचा खर्च झेपत नाही.”

“भाऊजी, चहा तरी...”

“घेतला की. गोड होता.” ते जिन्यापर्यंत गेले आणि थांबले. “छोटे, निरीक्षक वेळेवर येत नाहीत. आदल्या दिवशी पुन्हा फोन कर.” मग त्यांची काठी पायऱ्यांवर वाजत खाली गेली. या घरातून कुणी बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि दार आपटलं असतं तर बरं झालं असतं असं वहिनीला वाटून गेलं.

सोमवारी तिने बेकऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या दोघांना तिने सांगितलं, माल तपासणीत नापास झाला, यंदा अंजीर नाही. एकाने सहानुभूती दाखवली. दुसरा म्हणाला, तुम्ही असं ऐन वेळी तोंडघशी पाडणार असाल तर आम्ही दुसरीकडे बघतो. तिसरा नंबर लावताना दादाने हात पुढे केला.

“मला दे.”

“तुम्ही? तुम्हाला गिऱ्हाइकांशी बोलायचा कंटाळा ना?”

“माल मी पसंत केला होता.”

तो दुपारपर्यंत बोलत राहिला. वहिनी शेजारी बसून नंबर लावून देत होती. एकदा पलीकडच्याने बरंच सुनावलं असावं, कारण दादा नुसता ‘हो’, ‘खरंय’, ‘हो’ म्हणत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. फोन ठेवून तो म्हणाला, “हे तू रोज ऐकतेस?”

“रोज नाही,” ती म्हणाली. “माल चांगला असला की कमी.” आणि त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

दादा बागेवर जाऊन आला. म्हाताऱ्याने त्याला काहीच विचारलं नाही, त्याचं बोलणं संपल्यावर फक्त मुलाला हाक मारली आणि दिव्यांची खोली उघडायला लावली. मुलगा दादाशी बोलला नाही. निरोप द्यायलाही आला नाही. पण बाहेर निघालेली खोकी वाटेतून परत मागवली गेली, हे दादाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन त्याने एवढंच सांगितलं आणि त्या दिवशी तो लवकर झोपला.

माल नष्ट करायची जागा शहराबाहेर होती. पत्र्याची उंच शेड, एक लांब पट्टा आणि त्याच्या टोकाला दात असलेलं यंत्र. निरीक्षक उशिरा आला, तोवर दादा, छोटी आणि वहिनी थांबून होती. खोक्यांवरची सीलं तपासून त्याने कामगारांना खूण केली. खोकी फोडून अंजिरं पट्ट्यावर ओतली जाऊ लागली. मधाच्या रंगाची, चपटी, एकमेकांना चिकटलेली. शेडमध्ये गोड वास भरून गेला. त्यांच्यावर निळा रंग फवारायचा होता, म्हणजे कुणी चोरून उचलली तरी विकता येऊ नयेत.

रंग पडायच्या आधी दादाने एक अंजीर उचललं आणि अंगठ्यांनी फोडलं.

“दादा,” छोटी म्हणाली.

“खात नाहीये गं. बघतोय.”

आतून ते सोनेरी होतं, दाणेदार, ओलसर. त्याने ते नाकाशी नेलं.

“चांगलं आहे हे.”

“असेल.”

“बहुतेक सगळी चांगलीच असतील, छोटी.”

“हो,” ती म्हणाली. “बहुतेक.”

त्याने दोन्ही अर्धुकं पुन्हा जुळवली आणि पट्ट्यावर बाकीच्यांत ठेवून दिली. निळा फवारा आला. यंत्र सुरू झालं आणि त्या आवाजात बोलणं शक्य राहिलं नाही. वहिनीने पदराने नाक झाकून घेतलं. वासाने की आणखी कशाने, ते तिचं तिलाच ठाऊक.

साक्षीला एक जण थांबला तरी चालेल, असं निरीक्षक आधीच म्हणाला होता. शेवटचं खोकं रिकामं होईपर्यंत तिघंही तिथेच उभी राहिली.